श्वास टाइप करायचा नसतो

४ सप्टेंबर, सोमवार

आज ऑफिसात आरोग्य शिबिर झालं. शिबिर म्हणजे काय, तर एक फिजिओथेरपिस्ट आल्या, आम्हाला एकेक करून भिंतीला पाठ लावून उभं केलं आणि इथे एकाचीही पाठ सरळ नाही असं जाहीर करून गेल्या. चिमणीने त्यांचं नाव तिथल्या तिथे मणकेबाई ठेवलं. चिमणी म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. हेडफोन काढला की तिची चिवचिव सुरू.

मणकेबाईंनी मला विचारलं, "दिवसातून किती वेळ बसून असता?" म्हटलं, "उभी कधी असते ते विचारा, चटकन सांगता येईल." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "तुम्ही पन्नाशीच्या आत आहात, गुडघे मात्र साठी ओलांडून गेलेत. तासातासाने उठा. जागच्या जागी चाला. घरी गेल्यावरही चाला. आणि रोज लिहून ठेवा, नाहीतर माणूस स्वतःला फसवतो." म्हणून ही वही.

त्यांचं खोटं नाही. आमचं काम म्हणजे इस्पितळातले डॉक्टर रुग्णांबद्दल यंत्रात बोलून ठेवतात, ते हेडफोनमधून ऐकायचं आणि टाइप करायचं. टेबलाखाली पेडल असतं. दाबलं की आवाज चालू, सोडलं की बंद. म्हणजे दिवसभरात माझ्या शरीरातली हलणारी वस्तू काय, तर दहा बोटं आणि उजव्या पायाचा चवडा. बाकीची मी नुसती सोबतीला असते.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे सर्वेक्षण खात्यात कॉम्प्युटरवर नकाशे काढतात, म्हणजे बसण्यात माझ्या वरताण. म्हटलं, "तुम्हीही सुरू करा माझ्याबरोबर." तर म्हणाले, "मला काय गरज? मी रोज तीन मजले चढतो. लिफ्ट नाही हा आपल्या इमारतीचा केवढा उपकार आहे!" उचलली जीभ, लावली टाळ्याला.

६ सप्टेंबर, बुधवार

जागच्या जागी चालणं हा प्रकार लाज आणणारा आहे. माणूस चालतोय आणि पोहोचत कुठेच नाही. साहेब दोनदा डोकावून गेले. चिमणी म्हणाली, "ताई, कुठवर आलात?"

पण युक्ती सापडली. आमच्याकडे नियम आहे की फाइल आधी एकदा पूर्ण ऐकायची, मग टाइप करायला घ्यायची. हा नियम कोणी पाळत नाही, मीही पाळत नव्हते. आता पाळते. पहिलं ऐकणं उभ्याने, पाय हलवत. साहेबांना काही बोलता येत नाही, कारण नियम त्यांचाच आहे.

गुडघे बोलतायत. नव्याचे नऊ दिवस म्हणून हे हसतायत.

११ सप्टेंबर, सोमवार

सोबत मिळाली! एका नव्या इस्पितळाचं काम आलंय आणि त्यात एक डॉक्टर आहेत, ते चालता चालता बोलतात. आम्ही सगळ्यांना नावं ठेवलेली आहेतच. एक पुटपुटे आहेत, एक धबधबा, एक जेवता जेवता बोलणारे. हे झाले चालते डॉक्टर. बोलण्याच्या मागे त्यांच्या बुटांचा आवाज स्पष्ट येतो. वॉर्डातून निघतात, लांब मार्गिका, मग जिना. रुग्णाचं वय, तक्रार, तपासणी, सगळं त्या ठेक्यात. मी त्यांच्या पावलाला पाऊल लावलं आणि अख्खी फाइल कधी संपली कळलं नाही.

आवाज गोड आहे. घाई नाही. जिन्यात कोणी भेटलं की थांबून विचारपूस करतात, "काय सिस्टर, जेवलात का?" "मुलगी कशी आहे आता?" इतका मोठा डॉक्टर, पण माणुसकी बघा. ती विचारपूस अर्थातच टाइप करायची नसते. खोकला, जांभई, इकडचं तिकडचं बोलणं, श्वास, सगळं गाळायचं. मी नवी लागले तेव्हा एकदा "(दीर्घ श्वास)" असं लिहिलं होतं, तर साहेब म्हणाले होते, "बाई, श्वास टाइप करायचा नसतो. तो सगळेच घेतात."

१५ सप्टेंबर, शुक्रवार

माझी पाळी बदलली. आता सकाळी लवकर जायचं आणि उजेडी परत यायचं. इतकी वर्षं हे आधी घरी असायचे, आता मी आधी. दार उघडून आत आल्यावर घर कोणाचं तरी वेगळंच वाटतं.

तर संध्याकाळचं चालणं दाराच्या आतल्या बोळात करते, तिथेच काय ती मोकळी जागा आहे. चालत्या डॉक्टरांची चाल पायात बसलीय. हेडफोन नसला तरी त्याच ठेक्यात पाय पडतात.

दुसऱ्या मजल्यावर निवृत्त मास्तर राहतात ना, ते आज भाजी घेताना भेटले. म्हणाले, "तुमचे यजमान म्हणजे फार बोलका माणूस. रोज थांबून माझी चौकशी करतात." मला गंमत वाटली. लग्नात माझ्या मामांशी दोन वाक्यं बोलायला ज्यांना घाम फुटला होता, ते हेच. वय वाढलं की माणूस मोकळा होतो म्हणायचं.

२० सप्टेंबर, बुधवार

गुडघ्यांची कुरकुर कमी. स्कर्टचा हुक एक घर आत लागायला लागला. पी हळद अन् हो गोरी अशी माझी अपेक्षा नव्हती, पण थोडी गोरी झाले खरी.

चालते डॉक्टर हल्ली सावकाश चालतात. त्यामुळे मलाही सावकाश चालावं लागतं, व्यायाम कमी होतो. जिन्यात ओळखीची माणसंही फार भेटायला लागलीत त्यांना. चिमणीला म्हटलं, "यांना कोणीतरी सांगायला हवं की गप्पा कमी करा, मला घाम येत नाही." ती म्हणाली, "ताई, तुम्ही त्यांच्याशी लग्न करा." घरी येऊन ह्यांना सांगितलं, तर हे खो खो हसले, मग खोकला आला, मग पाणी प्याले.

२५ सप्टेंबर, सोमवार

आज एक फाइल तुटलेली आली. चालते डॉक्टर जिना चढत होते. शेवटचं वाक्य असं: "रुग्णास घरी पाठवण्यास हरकत नाही, मात्र पुढील काही आठवडे जिने चढणे..." आणि पुढे काही नाही. पावलं थांबली. काहीतरी खाली ठेवल्यासारखा आवाज झाला, मग घासल्यासारखा. मग नुसतंच यंत्र चालू. लांब कुठेतरी दार वाजलं. मी एक पाय उचललेला तसाच धरून वाट बघत उभी राहिले. बराच वेळ. मग बंद.

कोणीतरी तातडीचं बोलावलं असणार, यंत्र पायरीवर ठेवून गेले असणार. डॉक्टर मंडळींचं असंच असतं. रिवाजाप्रमाणे शेरा लिहिला: "ध्वनिमुद्रण अपूर्ण. डॉक्टरांनी उरलेला भाग बोलून पाठवावा, ही विनंती."

२८ सप्टेंबर, गुरुवार

उत्तर आलं. साहेबांनी माझ्या टेबलावर कागद ठेवला आणि तिथेच उभे राहिले. "उरलेला भाग उपलब्ध नाही. डॉक्टर हयात नाहीत."

ही सगळी गेल्या वर्षीची ध्वनिमुद्रणं आहेत. त्या इस्पितळात टाइप करायची राहून गेलेली, म्हणून आपल्याकडे आली. साहेब म्हणाले, "जिन्यातच गेले म्हणे. तिथे सगळ्यांना माहीत आहे. आपल्याला कोण सांगणार?"

मी मेलेल्या माणसाला निरोप पाठवला, की उरलेलं बोलून पाठवा.

चिमणीने पाणी आणून दिलं. मला सारखं वाटतंय की तो शेवटचा घासल्यासारखा आवाज मी ऐकत होते, एक पाय वर धरून, आणि व्यायाम मोडला म्हणून चडफडत होते. आज चालले नाही. ह्यांना सांगितलं. "वय काय होतं त्यांचं?" एवढंच विचारलं. मला माहीत नव्हतं.

३ ऑक्टोबर, मंगळवार

लिहावं की नाही कळत नव्हतं. पण वहीशी खोटं बोलायचं नाही असं ठरलं आहे.

काल संध्याकाळी बोळात चालत होते. पाय आपोआप त्याच ठेक्यात पडतात, ते काही केल्या सुटत नाही. आणि जिन्यात पावलं आली. सावकाश. तळमजला, पहिला मजला. दुसऱ्या मजल्यावर थांबली. पुसट बोलणं. पुन्हा पावलं, आणखी सावकाश, एक पायरी आणि थांबा, एक पायरी आणि थांबा. आमच्या मजल्यापर्यंत आली आणि दाराबाहेर थांबली. आणि श्वास. तो श्वास मला पाठ आहे. त्याला मधे एक शिटीसारखी बारीक कड आहे. कितीतरी फायलींमधून मी तो गाळलाय.

दार उघडायची छाती झाली नाही. देवाचं नाव घ्यायचं सोडून मी काय केलं, तर जोरजोरात पाय आपटत राहिले, म्हणजे तो ऐकू येऊ नये. बऱ्याच वेळाने बाहेर सगळं शांत झालं, आणि मग बेल वाजली. दारात हे! केस विंचरलेले, हसतमुख. मी विचारलं, "जिन्यात कोणी भेटलं का?" म्हणाले, "नाही बुवा. कोण भेटणार?"

आजही तेच. अगदी तस्संच.

५ ऑक्टोबर, गुरुवार

लेकीला फोन केला. ती म्हणाली, "आई, तू दिवसभर कानात मेलेल्या माणसाचा आवाज घालतेस, मग घरी दुसरं काय ऐकू येणार? रजा घे." मन चिंती ते वैरी न चिंती, हे मलाही कळतं. पण कान माझा धंदा आहे. पुटपुटे तोंडात गोळी ठेवून बोलत असले तरी मी ओळखते. माझा कान इतका चुकेल?

आज ठरवलं, पाय आपटायचे नाहीत. धीर करून ऐकायचं. पावलं आली तशी थांबले आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिले. मणकेबाईंनी बघितलं असतं तर खूश झाल्या असत्या, इतकी सरळ. बाहेर श्वास. पण आज तो शांत होईना. वाढतच गेला. मधे खोकल्याची उबळ, मग काहीच नाही, मग पुन्हा घोगरा, ओढून घेतल्यासारखा. दार आणि मी यांच्यात दोन पावलांचं अंतर असेल. माझ्याने ते ओलांडवलं नाही. डोळे मिटून उभी राहिले.

बेल आज फारच उशिरा वाजली. हे आत आले तेव्हा कॉलर ओली होती. "बाहेर काय उकडतंय," म्हणाले आणि सरळ जाऊन पडले. बाहेर वारा होता.

एक गोष्ट मात्र लक्षात आली. हे आले की तो आवाज जातो. ह्यांच्या पायगुणाने भूत पळतं म्हणायचं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार

इस्पितळाचा नवा निरोप. तो अपुरा अहवाल आता दुसरे डॉक्टर पूर्ण करणार आहेत. जिन्यातल्या बोलण्यात त्या रुग्णाबद्दल काही असलं तर सुटू नये, म्हणून चालत्या डॉक्टरांच्या शेवटच्या सगळ्या फायली इकडच्या तिकडच्या बोलण्यासकट पुन्हा ऐकायच्या. चिमणी म्हणाली, "द्या, मी ऐकते." मी नको म्हटलं. का म्हटलं माहीत नाही. कदाचित शेवटी त्यांच्याबरोबर कोणीतरी ओळखीचं असावं म्हणून.

सोमवारी बसायचं.

९ ऑक्टोबर, सोमवार

क्रमाने लिहिलं नाही तर मला झोप लागणार नाही.

सकाळपासून फायली ऐकल्या. बसून ऐकल्या, पेडलवर पाय ठेवून. टाइप करायचं असलं की आपण शब्दांच्या मागे धावतो. आज शब्द नको होते, म्हणून पहिल्यांदा मधलं ऐकलं. "काय सिस्टर, जेवलात का?" मग श्वास. सिस्टर काहीतरी लांबलचक सांगतायत. श्वास. श्वास. सिस्टरचं संपतं, तर लगेच, "आणि घरचे बरे आहेत ना?" पुन्हा श्वास. उत्तराकडे त्यांचं लक्षच नाही. एकदा तर एका वॉर्डबॉयने सांगितलं की वडील गेले, तर डॉक्टर म्हणाले, "वा, छान." प्रत्येक वेळी तीच जागा, जिन्याचं तेच वळण. फायली पुढे जातात तशी माणसं वाढतात, प्रश्न वाढतात.

विचारपूस नव्हतीच ती. प्रश्न टाकायचा आणि समोरचा बोलेपर्यंत दम खायचा. कोणाला कळू नये म्हणून.

मी पेडलवरचा पाय काढला आणि माझ्या कानात आवाज आला, पण डॉक्टरांचा नाही, मास्तरांचा. "रोज थांबून माझी चौकशी करतात."

साहेबांना न सांगता निघाले. धावत नाही म्हणता येणार, पण माझे गुडघे असताना जे काय धावणं होतं ते. मास्तर दारातच खुर्ची टाकून बसले होते.

"मास्तर, हे रोज तुमच्यापाशी काय बोलतात हो?"

"विशेष काही नाही. विचारतात, आज काय वाचलंत? मी सांगतो. भला माणूस. कठड्याला टेकून सगळं ऐकून घेतो."

"पण ते स्वतः काय बोलतात?"

मास्तरांनी विचार केला. "ते कुठे बोलतात? मीच बोलतो."

काखेत कळसा आणि गावाला वळसा. वर्षभरापूर्वी मेलेल्या माणसाचा श्वास मी ओळखते आणि ज्याच्या शेजारी उशी टाकते त्याचा ओळखत नाही. माझ्या डोक्यात हे अजून दोन दोन पायऱ्या गाळत चढतात. लग्नानंतर चढायचे तसे. ते कधी थांबलं, मी बघितलंच नाही.

घरात जाऊन दाराच्या भिंगाला डोळा लावून उभी राहिले. पावलं आली. दुसऱ्या मजल्यावर थांबली. मास्तरांचा आवाज. पुन्हा पावलं. मग ह्यांचं डोकं दिसलं, मग खांदे. वरच्या पायरीवर आले आणि भिंतीला हात लावून खाली बसले. माझ्याकडे पाठ. खांदे वर खाली, वर खाली. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग रुमाल काढून तोंड पुसलं, मान पुसली. कंगवा काढला. उठले, वळले, आणि माझ्या डोळ्यासमोर, दाराच्या पलीकडे, चेहऱ्यावर हसू बसवून बघितलं. नीट बसलं नाही. काढलं. पुन्हा बसवलं. मग बेलकडे हात नेला.

मी दार उघडलं.

"अगं! बेल वाजवायच्या आधीच?"

"कधीपासून?"

"काय कधीपासून?" मग माझा चेहरा बघून म्हणाले, "दार तरी लाव. मास्तर ऐकतील."

आत आल्यावर दोघंही बोळातच खाली बसलो, चपलांच्या शेजारी. उन्हाळ्यापासून आहे म्हणाले. आधी तिसऱ्या मजल्यावर दम लागायचा, मग दुसऱ्या, आता पहिल्यावरच लागतो. दोनदा डोळ्यांपुढे अंधारी आली.

"डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"गेलं की ते नाव सांगतात. नाव कळलं की ते घरात राहायला येतं. मग जात नाही."

"आणि मी इथे भूत आलं म्हणून भिंतीला चिकटून उभी राहते! मी तुम्हाला भूत समजत होते हो!"

"मग फार काही चुकली नाहीस. थोडी घाई केलीस इतकंच."

मी ह्यांच्या तोंडावर हात ठेवला. जोरातच ठेवला. मला इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकी भीतीही.

११ ऑक्टोबर, बुधवार

हृदयतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी विचारलं, "केव्हापासून?" तर हे म्हणाले, "झाला असेल आठवडा." मी सगळं सांगितलं. कुठल्या मजल्यावर, किती थांबून, श्वास कसा, शिटी कुठे. हे माझ्याकडे बघत राहिले. म्हणाले, "तू हे सगळं ऐकत होतीस?"

हृदयाची एक झडप अरुंद झाली आहे. शिरेतून नळी घालून जमणार नाही, छाती उघडूनच बदलायची. मी विचारलं, "बसून काम करतात, व्यायाम नाही, म्हणून झालं का?" डॉक्टर म्हणाले, "झडपेला खुर्चीशी देणंघेणं नसतं. पण रोज चालणारा माणूस लवकर येतो, कारण त्याला आपलं कालचं अंतर माहीत असतं. बसणाऱ्याला उशिरा कळतं." मग म्हणाले, आता थांबू नका. या टप्प्यावर माणसं जिन्यात पडतात.

ते मला सांगायची गरज नव्हती.

१६ ऑक्टोबर, सोमवार

उद्या सकाळी शस्त्रक्रिया. दुपारभर ह्यांच्या खाटेशी बसून होते. पायऱ्या चढायला मनाई, चालायला मनाई, त्यामुळे हे पहिल्यांदाच मनसोक्त बसलेत आणि वैतागलेत. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या मजल्यांची उंची कशी चुकीची आहे ते मला समजावून सांगत होते. मधेच थांबले.

"एक सांगू? हसशील."

"हसायचं काही असेल तर हसेन."

"मी दाराबाहेर बसायचो ना, तेव्हा आत तुझी पावलं वाजायची. धप धप. आधी श्वास कुठेच लागायचा नाही. मग मी तुझी पावलं धरायचो. एका पावलाला आत, एका पावलाला बाहेर. हळूहळू बसायचा. मग बेल वाजवायचो."

ती पावलं मी एका मेलेल्या माणसाकडून उचललेली होती, आणि ती आपटत होते ह्यांचाच श्वास ऐकू येऊ नये म्हणून.

"एक दिवस तू थांबलीस," हे म्हणाले. "त्या दिवशी वाटलं, संपलं."

तो गुरुवार. मी भिंतीला पाठ लावून सरळ उभी होते.

मी सांगितलं सगळं. का थांबले तेही. हे रागावले नाहीत. माझं बोट धरून म्हणाले, "उद्या बाहेर चाल. मी आत असेन. ऐकू येणार नाही हे मलाही कळतं. तरी चाल."

१७ ऑक्टोबर, मंगळवार

सकाळी नेलं. चाकांच्या खाटेवरून. दार बंद झालं तसे पाय सुरू केले. मार्गिकेत, भिंतीशी, जागच्या जागी. लोक बघत होते. लाज कुठे गेली कोण जाणे. सिस्टर म्हणाल्या, "बसा ना, बराच वेळ लागेल." म्हटलं, "आयुष्यभर बसूनच काम केलंय सिस्टर, आज सुट्टी आहे."

लेक पोहोचली. तिने दोनदा हाताला धरून बसवायचा प्रयत्न केला, मग नाद सोडला. दुपारी चिमणी आली चहा घेऊन. तोवर पायांत गोळे आले होते, गुडघा लॉक झाल्यासारखा. तिने जबरदस्तीने बाकावर बसवलं, कप हातात दिला. चहा संपेपर्यंत बसले. चिमणी ऑफिसातलं काहीतरी सांगत होती, धबधब्याने कोणत्या रुग्णाला कोणाचा पाय लावला ते. मी हसलेही. मग उठून पुन्हा सुरू केलं.

संध्याकाळच्या सुमारास सर्जन बाहेर आले. झडप बसली. "मधे एकदा आम्हाला काळजी वाटली होती," म्हणाले, "हृदय ऐकत नव्हतं. पण सावरले." मी त्यांच्या पाया पडायचीच बाकी होते.

ह्यांना अजून शुद्ध नाही. नळी घातलीय, श्वास यंत्र देतंय. लेकीने मला तिथून बाहेर काढलं.

१८ ऑक्टोबर, बुधवार

आज सकाळी नळी काढली. मला आत सोडलं, थोडा वेळ. चेहरा सुजलेला, ओठ सुकलेले, पण डोळे ह्यांचेच. श्वास ऐकला. कान लावून ऐकला. शिटी नाही.

म्हटलं, "मी आलेय. सगळं छान झालं. चालत होते मी."

हे माझ्याकडे बघत राहिले. घशातून आवाज फुटत नव्हता, म्हणून मी कान ओठांपाशी नेला.

"मधे थांबली होतीस," म्हणाले.

विचारलं नाही. सांगितलं. आणि डोळे मिटून पुन्हा झोपले.

लेक बाहेर खुर्ची पुढे करतेय. मला बसायचं नाही. ही वही खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून उभ्यानेच लिहिते आहे.